केतकी हसते ते असं

"तुमची मुलगी हसणार नाही," डॉ. सामंत म्हणाल्या आणि लगेच हात वर करून स्वतःच थांबल्या. "चुकीचं बोलले. हसू तिला येईल. ते चेहऱ्यावर दिसणार नाही, एवढंच."

केतकी तेव्हा तीन महिन्यांची होती. शुभाच्या मांडीवर शांत पडून ती छताचा पंखा बघत होती. तिच्या एका गालावर औषधाचा थेंब सुकला होता. डॉक्टरांचं बोलणं मला नीट ऐकू आलं, पण कळलं मात्र काहीच नाही. शुभानं विचारलं, "म्हणजे तिला आनंद होणार नाही का?"

"आनंद होईल, राग येईल, लाज वाटेल, सगळं होईल. ते बाहेर यायचा एक दरवाजा बंद आहे. बाकीचे उघडे आहेत."

ज्यांच्या घरी असं बाळ आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्हाला तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. आधीच सांगून टाकतो, पुढे रडारड फारशी नाही.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. मी नाहूरच्या बाजूच्या एका छोट्या कारखान्यात डिस्पॅचला आहे, शुभा बँकेत आहे आणि नातीला मालवणीत 'चेडू' म्हणणारी माझी आई आमच्याबरोबर असते. आमच्या सोसायटीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी केतकी जन्मली. मी नकला करणारा माणूस. सोसायटीच्या गणपतीत माझा कार्यक्रम ठरलेलाच. वॉचमन, सेक्रेटरी, भाजीवाली, प्रेशर कुकर, काय म्हणाल ते करून दाखवतो. लोकांना हसवण्यावरच मी जगतो म्हणा ना. आणि माझीच मुलगी पाळण्यातून माझ्याकडे असं बघायची, जसा इन्कम टॅक्सचा माणूस बघतो.

पहिली शंका आईला आली. केतकीला दूध ओढता यायचं नाही, तोंडाच्या कडेनं सगळं गळायचं. झोपली तरी डोळे अर्धे उघडे राहायचे. रडायची तेव्हा आवाज मोठा, पण चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. नातेवाईक म्हणायचे, "किती गंभीर बाळ आहे, नक्की कलेक्टर होणार." कोणी म्हणालं, शुभानं ग्रहणात काहीतरी चिरलं असेल. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला दोनदा तपासलं आणि सरळ सांगितलं, "मला हे कळत नाहीये. मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे न्या." न कळलेलं कबूल करणारा डॉक्टर मिळाला, हे आमचं नशीबच.

हॉस्पिटलच्या बाकांवर आम्ही बरेच मंगळवार काढले. कान तपासले, डोळे तपासले, हृदय तपासलं. प्रत्येक ठिकाणी वेगळी रांग, वेगळा शिक्का. शुभा बँकेतली असल्यामुळे रांगेत दुसऱ्यांना शिस्त लावायची. मी बाळांची करमणूक करायचो. बाकीची बाळं हसायची.

शेवटी डॉ. सामंतांनी केतकीच्या एका बाजूला घंटी वाजवली. तिची बुबुळं जागची हलली नाहीत, तिनं अख्खं डोकं वळवलं. त्यांनी गालावर बोट फिरवलं, पापण्या तपासल्या आणि मग तो शब्द उच्चारला, मोबियस सिंड्रोम. सिंड्रोम म्हणजे एकत्र आढळणाऱ्या लक्षणांचा गट. मेंदूतून मज्जातंतूंच्या जोड्या निघतात. त्यांतली सहावी जोडी डोळा बाहेरच्या बाजूला फिरवते. सातवी जोडी, म्हणजे फेशियल नर्व्ह, चेहरा हलवते. हसणं, कपाळाला आठ्या घालणं, डोळे मिटणं, ओठ जुळवणं ही सगळी तिची कामं. केतकीच्या या दोन्ही जोड्या पोटात असतानाच नीट तयार झाल्या नव्हत्या. याला कंजेनिटल म्हणतात, म्हणजे जन्मापासूनचं.

"हे वाढत जाणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आपोआप जाणारही नाही. यात तुमची चूक नाही, ग्रहणाचीही नाही. मी आजवर असं एकच मूल पाहिलंय. त्यामुळे तुम्हीही शिका, मीही शिकते."

मग त्यांनी कामं नेमून दिली. दूध पाजताना बाळाला उभं धरायचं आणि हनुवटीला खालून बोटाचा आधार द्यायचा. डोळे सुकू नयेत म्हणून थेंब टाकायचे, झोपताना मलम लावायचं. वाऱ्यात नेताना डोळे झाकायचे. आईनं ट्रंकेतून माझ्या लहानपणचं बोंडलं काढलं. त्याच्या चोचीतून थेंबथेंब दूध सोडत ती केतकीला तासन् तास पाजत बसायची. महिन्याभरात पोरीनं बाळसं धरलं. डोळ्यांसाठी शुभानं एक छोटा गॉगल मिळवला. संध्याकाळी गॉगल लावून केतकी खाली आली की सोसायटीतली पोरं ओरडायची, "हिरॉईन आली रे!"

माझं मात्र काही खरं नव्हतं. कामावरून आलो की मी तिच्यापुढे सगळे खेळ करायचो. माकड झालो, म्हैस झालो, सेक्रेटरी झालो. समोर तोच चेहरा. शुभा म्हणायची, "अरे, डॉक्टरांनी सांगितलंय ना, दिसणार नाही म्हणून?" मला ते डोक्यात कळत होतं, पण पोटात शिरत नव्हतं.

एका रविवारी स्वयंपाकघरात बसून मी कुकर झालो. आधी फुसफुस, मग झाकण थडथडलं, मग लांब शिट्टी. आणि केतकीला एकदम काहीतरी झालं. छाती उडायला लागली, खांदे हलायला लागले, घशातून "हिक्, हिक्, हिक्" असा आवाज. चेहरा तसाच.

"पाणी हाड रे, चेडवाक उचकी लागली!" आई ओरडली. मी तिला पालथी धरून पाठ थोपटली. आवाज थांबला. हुश्श करून मी म्हटलं, "वाट लागली असती यार," आणि कुकरवर खरीच शिट्टी झाली. पुन्हा हिक्, हिक्, हिक्.

आम्ही तिला उचललं आणि तसेच धावत नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्या अंगात बनियन. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला. "नेमकं काय होत होतं तेव्हा?"

"काही नाही, मी कुकरची शिट्टी..."

"करून दाखवा."

दवाखान्यात बाहेर माणसं बसलेली. मी हळूच केली. केतकी परत सुरू. डॉक्टर स्टेथोस्कोप कानातून काढून खुर्चीत मागे रेलले आणि स्वतःच खदखदून हसायला लागले. शुभानं तोंडावर हात ठेवला. सगळ्यात आधी बोलली आईच. "अरे मेल्या, उचकी खंयची? चेडू तुका हसता हा!"

मी परत शिट्टी मारली. मग आणखी एकदा. बाहेरच्या पेशंटांनी आत डोकावून बघितलं. मी रडत होतो आणि शिट्ट्या मारत होतो, आणि माझी मुलगी माझ्या खांद्यावर सगळ्या अंगानं हसत होती. डॉक्टरांनी फी घेतली नाही. म्हणाले, "कार्यक्रमाचं तिकीट समजा."

बोलायची वेळ आली तेव्हा नवी गंमत. ओठ जुळत नसल्यामुळे प, फ, ब, भ, म ही अक्षरं तिला येईनात. आमच्याकडे वडलांना बाबा म्हणतात. ते काही जमेना. तिनं स्वतःच तोडगा काढला आणि मला नाना म्हणायला लागली. ऐन तिशीत मी नाना झालो. मुलुंडचं झालं नुलुंड. तिचं स्वतःचं नाव मात्र स्वच्छ यायचं, कारण त्यात ओठांचं एकही अक्षर नाही. बारशाला आम्हाला हे कुठे ठाऊक होतं?

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलणं शिकवणाऱ्या कर्णिकबाई, यांनी तिला जीभ वरच्या दातांना टेकवून ही अक्षरं काढायला शिकवलं. ऐकणाऱ्याला थोडी सवय लागते. पुढे तिची वाक्यं मी सरळच लिहितो.

ती चार वर्षांची झाली तेव्हा कर्णिकबाईंनी चेहऱ्यांची चित्रं समोर मांडली. हसणारा चेहरा तिनं लगेच ओळखला. घाबरलेला दाखवला, डोळे मोठे, तोंड उघडं. केतकी म्हणाली, "हा गाणं म्हणतोय." रागावलेला दाखवला, भुवया खाली, डोळे बारीक. "ह्याला ऊन लागतंय."

मला हसू आलं, पण शुभाचा चेहरा पडला. घरी असं होतच होतं. शुभा दमून, वैतागून बँकेतून यायची, आल्या आल्या केतकी तिच्या गळ्यात पडून दहा प्रश्न विचारायची. शुभा गप्प, मग एकदम ओरडायची. केतकी दचकायची, तिला कळायचंच नाही की हा राग आला कुठून. शेजारची मुलंही म्हणायची, हिला काही समजत नाही.

कर्णिकबाईंनी शांतपणे समजावलं. "आपण समोरच्याचा चेहरा नकळत थोडासा स्वतःच्या चेहऱ्यावर आणतो. बाळ आईकडे बघून हसतं, आई आठ्या घालते तर तेही घालतं. त्यातून समोरच्याचं मन कळायला मदत होते, असं काही जणांचं म्हणणं आहे. हिला तशी नक्कल करता येत नाही, म्हणून हिला वेळ लागत असेल. नक्की कुणालाच माहीत नाही. पण ही शिकेल. तुम्ही आवाजानं, हातांनी आणि शब्दांनी शिकवा. नक्कल करून दाखवणारं कोणी आहे का घरात?"

शुभानं माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा शहाण्या मुलासारखा हात वर केला.

त्या दिवसापासून आमच्या घराची शाळाच झाली. मी राग करून दाखवायचो, भुवया, मुठी, आवाज, पावलं, आणि शेवटी नाव सांगायचो, "हा राग." मग भीती, मग कंटाळा. केतकी बुटकं स्टूल घेऊन समोर बसायची आणि चुका काढायची. "नाना, हा राग नाही, तू नुसता ओरडतोयस." चेहऱ्यावर येत नसलेलं ती हातांनी आणि आवाजानं करायला लागली. राग आला की कमरेवर हात. खूश झाली की टाचांवर उड्या. लाज वाटली की शुभाच्या पदरात डोकं.

दुसरी युक्ती घरात सगळ्यांना. जे वाटतंय ते तोंडानं बोलायचं. शुभा दारातूनच सांगायची, "मी आत्ता चिडलेय, तुझ्यावर नाही, मॅनेजरवर. चहा झाला की बोलूया." केतकी म्हणायची, "बरं," आणि बाजूला बसायची. आईलाही चटक लागली. "मी आता रागावलंय हां, सून माझ्या माशात मीठ कमी घालता!" असं मोठ्यानं जाहीर करायची. आधी असल्या गोष्टीवर आठवडाभर अबोला चालायचा. आता दोन मिनिटांत संपायला लागला. सासू-सुनेचं भांडण इतकं सोयीचं झालं की शेजारणी विचारायच्या, तुमच्याकडे काय औषध आणलंय?

तिसरी युक्ती बोटांची. दुखतंय किती, भूक किती, भीती किती, ते दहापैकी बोटं दाखवून सांगायचं. चेहरा बघून अंदाज करायचाच नाही.

शाळेच्या प्रवेशाला पहिल्या शाळेनं नकार दिला. "मुलगी प्रतिसाद देत नाही," म्हणाले. ती प्रतिसाद देत होती, ही माणसं बघत होती नुसता चेहरा. शुभा कॉरिडॉरमध्ये म्हणाली, "मी आत्ता दहा चिडलेय." केतकीनं तिचा हात धरला. घराजवळच्या दुसऱ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी पाच मिनिटं केतकीशी गप्पा मारल्या आणि आम्हाला विचारलं, "आम्ही काय काय सांभाळायचं ते सांगा." तिथेच नाव घातलं.

तरी एक प्रसंग झालाच. पहिलीत असताना ती घसरगुंडीवरून पडली. त्या दिवशी वर्गावर बदली शिक्षिका होत्या. केतकीनं "हात दुखतोय" म्हणून सांगितलं, पण गडबडीत तिचे शब्द त्यांना नीट कळले नाहीत आणि चेहरा तर शांत. त्यांनी तिला बाकावर बसवून ठेवलं. शाळा सुटल्यावर मी घ्यायला गेलो. लांबूनच माझ्या लक्षात आलं. मान खांद्यांत गेलेली, एक हात दुसऱ्या हातानं धरलेला, पाऊल जपून टाकत होती. मी रिक्षा थांबवली.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होते. मनगटापाशी दाबत त्यांनी केतकीच्या तोंडाकडे बघितलं. "दुखतंय?"

"हो. खूप."

त्यांनी परत चेहरा बघितला, परत दाबलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "मुरगळला असेल. फ्रॅक्चर असतं तर मूल किंचाळलं असतं."

माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार इतक्यात मला बोटांची युक्ती आठवली. मी म्हटलं, "केतकी, दहापैकी किती, डॉक्टरांना सांग."

तिनं चांगल्या हाताची पाचही बोटं वर केली.

"पाच," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे फार नाही."

"नाही हो," केतकी म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "उरलेली पाच ह्या हातावर आहेत. ती उचलता येत नाहीत."

डॉक्टरांनी तिचा हात अलगद खाली ठेवला आणि एक्स-रे लिहून दिला. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालताना त्यांनी प्रत्येक वेळी तिला विचारलं, "आता किती?" तिनं प्रत्येक वेळी सांगितलं. शेवटी दोनवर आलं. निघताना ते मला म्हणाले, "हे मी दुसऱ्या मुलांनाही विचारत जाईन."

दुसऱ्या दिवशी शुभा शाळेत गेली. मला वाटलं, आता भांडण. पण त्या शिक्षिकाच आधी पुढे आल्या. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "ती बोटांची पद्धत सगळ्या वर्गाला शिकवूया का?" प्लास्टर घातलेल्या केतकीनं फळ्याजवळ उभं राहून शिकवली. त्यानंतर महिनाभर वर्गात नुसता धिंगाणा. "बाई, भूक आठ!" "बाई, गणित नऊ!" पण एक गप्प बसणारा मुलगा होता, त्यानं एकदा काही न बोलता दहाही बोटं वर केली. त्याला ताप भरला होता.

गेल्या वर्षी डॉ. सामंतांनी आम्हाला प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं. त्यांनी एका ऑपरेशनबद्दल सांगितलं, मसल ट्रान्सफर. म्हणजे कानशिलावरचा चावायचा स्नायू वळवून ओठांच्या कोपऱ्याशी जोडायचा. मग दात दाबले की ओठांचे कोपरे वर उचलले जातात. ते केतकीशीच बोलले, मला ते फार आवडलं.

केतकीनं विचार केला. "म्हणजे कोणी विनोद सांगितला की आधी दात दाबायचे?"

"सुरुवातीला. नंतर सवय होते."

"आणि नानांचा विनोद वाईट असला तर?"

"तर दाबू नकोस."

झालं, हिक् हिक् सुरू. सर्जनही हसले. ऑपरेशन करायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. घाई नाही. ती म्हणते, चौथीत गेल्यावर सांगेन. ज्यांनी करून घेतलं त्यांनी चांगलं केलं, ज्यांनी नाही केलं त्यांनीही चांगलं केलं. तुमच्यापुढे हा प्रश्न आला तर मुलालाच विचारा, एवढंच मी सांगेन.

आता केतकी दुसरीत आहे. डोळ्यांत थेंब स्वतःचे स्वतः टाकते. मी नकला अजूनही करतो, पण आता करण्याआधी माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. कारखान्यातला आमचा फोरमन कायम कपाळाला आठ्या घालून असतो. मी त्याला खडूस समजायचो. परवा सहज विचारलं, "साहेब, आज कसं काय?" तर अर्धा तास बोलत बसला. घरी बायको आजारी आहे त्याची. डॉ. सामंत, कर्णिकबाई, तो खुर्चीत रेलून हसणारा डॉक्टर, शाळेतल्या बाई, सगळ्यांचे उपकार आहेतच. आणि माझ्या आईचेही, तिनं बोंडल्यानं थेंबथेंब पाजून पोर उभी केली.

मागच्या मंगळवारी डॉ. सामंतांनी आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. बाकावर एक जोडपं बसलं होतं, विक्रोळीचं. मांडीवर दोन-अडीच महिन्यांची मुलगी, डोळे अर्धे उघडे, चेहरा स्थिर. त्यांना आदल्याच आठवड्यात तो शब्द सांगितला होता. आई बाळाच्या तोंडाकडे एकटक बघत होती. वडील जमिनीकडे.

केतकी पुढे गेली. मान तिरपी करून तिनं बाळाला डोक्यापासून खालपर्यंत निरखलं.

"काकू, ती चिडलीय," ती म्हणाली.

बाईनं चमकून वर बघितलं. "तुला काय माहीत, बाळा? तिच्या चेहऱ्यावर तर काहीच कळत नाही गं."

"हो ना. म्हणून मी बाकीच्या सगळीकडे बघितलं. पायाची बोटं बघा कशी आवळलीत. भूक लागली असेल."

त्या बाईनं बाळाच्या चेहऱ्यावरची नजर काढली आणि पायांकडे नेली. इवलीशी बोटं घट्ट मिटलेली होती. तिनं पिशवीतून दूध काढलं. केतकीनं तिला हनुवटीखाली बोट कसं धरायचं ते दाखवलं. बाळ चुटूचुटू प्यायला लागलं, आणि त्याची आई पायांकडे बघत राहिली. एकेक बोट सुटत गेलं, तसा तिच्या नवऱ्यानंही जमिनीवरची नजर उचलली आणि पुढे वाकून बघायला लागला.